आरटी-पीसीआरमधला 'आरटी' आणि 'तत्काळ' हा शब्द

प्रश्न असा आला आहे: आरटी-पीसीआरमधला 'आरटी' म्हणजे 'रिअल टाइम' ना? आणि प्रयोगशाळेतल्या अशा यंत्राचे माहितीपत्रक मराठीत आणताना 'तत्काळ पीसीआर यंत्र' म्हटले तर चालेल का?

इथे आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, उलटे प्रतिलेखन. करोनाचा विषाणू आरएनएचा, तर पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती आवर्तनागणिक वाढवत नेणाऱ्या पद्धतीला, लागतो डीएनए. म्हणून आधी आरएनएवरून डीएनएची प्रत काढून घ्यावी लागते. ते काम करणारे विकर (एन्झाइम) हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत शोधले. गोंधळ होतो त्याला कारण आहे, कारण करोनाच्या चाचणीत उलटे प्रतिलेखनही होते आणि मोजणीही रिअल टाइम होते. त्यामुळे काटेकोर नाव आरटी-क्यूपीसीआर. यातला 'क्यू' क्वांटिटेटिव्हचा, म्हणजे परिमाण मोजणारी.

आता 'तत्काळ'. हा शब्द मला अजिबात मान्य नाही. वाचणाऱ्याला वाटेल, नमुना घातला की निकाल हातात. प्रत्यक्षात साधारण चाळीस आवर्तने होतात, प्रत्येकात नमुना ९५ अंशांपर्यंत तापतो आणि ६०च्या आसपास उतरतो. सगळ्याला तास-दीड तास सहज जातो. वेगळेपण आहे ते मोजणीत. साध्या पीसीआरमध्ये आवर्तने संपल्यावर जेलच्या थरावर डीएनएचा पट्टा उमटला का ते बघायचे. इथे प्रत्येक आवर्तनात यंत्र नळीवर प्रकाश टाकते आणि प्रतींबरोबर वाढणारी रंगद्रव्याची चमक नोंदवते. पडद्यावर रेघ बराच वेळ सपाट जाते, मग एकदम वर उचलते. ती ठरलेली पातळी ज्या आवर्तनाला ओलांडते, ती सीटी व्हॅल्यू. नमुन्यात डीएनए दहापट जास्त असला तर सीटी साधारण ३.३ने कमी येते. म्हणूनच रिपोर्टवर सीटी कमी म्हणजे विषाणू जास्त.

तेव्हा नाव 'रिअल टाइम पीसीआर' असेच ठेवावे, लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात. पहिल्या उल्लेखाला 'प्रती वाढता-वाढताच मोजणारी' एवढे जोडले की अर्थ पोचतो. 'वाढता-वाढता' ही आपली रचना इथे फार नेमकी बसते. 'वास्तविक वेळ' मात्र नको. त्यातून काहीच कळत नाही.

पत्रकातल्या बाकीच्या शब्दांपैकी 'हीटेड लिड'ला 'तापते झाकण' सरळ चालेल. ते १०५ अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे नळीतली वाफ झाकणाला थेंब होऊन चिकटत नाही आणि प्रकाशाची मोजणी बिघडत नाही. 'चॅनल'ची मात्र 'वाहिनी' करू नका; इथे चॅनल म्हणजे एका ठरावीक रंगाची चमक वाचण्याची सोय. एका चॅनलवर विषाणूच्या जनुकाची चमक वाचतात, दुसऱ्यावर माणसाच्या एखाद्या जनुकाची; ही दुसरी उमटलीच नाही तर स्वॅब नीट घेतला गेला नसावा, अशी शंका येते.