भुंकणाऱ्यापेक्षा गप्प कुत्र्याकडे आधी बघा

"घरात दोन कुत्रे आहेत आणि मांजराचं पिल्लू आणलंय. ते त्याला मारतील का हो?" पाळीव प्राण्यांच्या वर्तनाबद्दल समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, पावसाळ्यात तर हमखास. पार्किंगमध्ये भिजलेली पिल्लं सापडतात, मुलं ती उचलून आणतात आणि मग घरातल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

नाशिकच्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). टायगर हा सहा वर्षांचा गावठी कुत्रा आणि ब्रूनो हा दीड वर्षाचा लॅब्रॅडोर. लेकीने क्लासवरून येताना जेमतेम दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, नाव ठेवलं चिंगी. "ओळख होऊ दे" म्हणून तिला लगेच हॉलमध्ये सोडलं. ब्रूनोने भुंकून घर डोक्यावर घेतलं, चिंगी फ्रिजमागे शिरली ती रात्रभर बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या ताईंचा, लेकीच्या आईचा, रडवेला फोन आला. "मॅडम, ब्रूनोला काही दिवस माझ्या भावाकडे ठेवू का? टायगरचं काही नाही, तो बिचारा नुसता बसून बघतो."

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी व्हिडिओ मागवला. ब्रूनो भुंकत होता खरा, पण पुढचे पाय जमिनीला टेकवून पार्श्वभाग वर करत होता, शेपूट सैल हलत होती, मध्येच तो मागे पळत होता. हे खेळायचं बोलावणं होतं. टायगर मात्र फ्रिजसमोर पुतळ्यासारखा. तोंड घट्ट मिटलेलं, मान पुढे, नजर त्या फटीवर खिळलेली. मागून हाक मारली तरी त्याचा कान हलला नाही. ही शिकारीआधीची एकाग्रता असते, तिच्यात आवाज नसतो, म्हणूनच घरच्यांना ती शहाणपणा वाटते. ब्रूनोचा धोका वेगळा: तीस किलोच्या कुत्र्याने लाडाने मारलेला पंजाही इतक्या लहान जिवाला पुरेसा असतो.

चिंगीला त्याच दिवशी लेकीची खोली दिली. दार बंद, आत पाणी, खाणं, लपायला एक आडवं खोकं आणि खाण्यापासून लांब शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. तो ट्रे पुढेही कुत्र्यांना पोचणार नाही असाच ठेवायचा, कारण मांजराची शी खाणं बऱ्याच कुत्र्यांना आवडतं. ही खोली तब्येतीसाठीही हवी. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाला बहुधा जंत, पिसवा असतात, त्यामुळे आधी डॉक्टर आणि लसीकरणाचं वेळापत्रक. ताई तिला दूध-पोळी देत होत्या, तिला जुलाब लागले होते. गाईचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही. आणि एवढंसं पिल्लू दिवसभर काहीच खात नसेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजरासाठी विष आहे, थरथर सुटून झटके येतात, जीवही जातो. ते मांजराला कधीच लावायचं नाही. कुत्र्याला असं औषध लावत असाल, तर घरात मांजर आल्याचं सांगून डॉक्टरांकडून दुसरं मागून घ्या.

पुढचे दिवस ओळख फक्त वासाची. चिंगीच्या अंथरुणाचा कपडा कुत्र्यांच्या जागेजवळ, त्यांचा तिच्या खोलीत. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, वाट्या आधी दारापासून लांब, मग हळूहळू जवळ. चिंगी दारापाशी निवांत जेवू लागल्यावरच दारात लहान मुलांसाठी लावतात ते फाटक आलं आणि त्यांनी एकमेकांना पाहिलं.

टायगरसाठी पट्टा आणि अंतर. तो चिंगीकडे बघून आपणहून ताईंकडे वळला, की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. वळला नाही तर रागवायचं नाही, अजून चार पावलं मागे न्यायचं. आजींचं म्हणणं होतं, "एक फटका द्या, आपोआप कळेल." मी त्यांना समजावलं, की फटक्याने कुत्रा एवढंच शिकेल की मांजर दिसली की मार पडतो. गुरगुरणं थांबेल, राग राहील, आणि आपल्याला मिळणारी आगाऊ सूचना बंद होईल. चिंगीच्या फिसकारण्यावरही कुणी ओरडायचं नाही. 'लांब राहा' हे सांगायला तिच्याकडे तेवढंच आहे. तिला कपाटावर चढायला वाट करून दिली, खिडक्या आणि बाल्कनीला जाळी लावली.

ब्रूनो तीनेक आठवड्यांत निवळला. चिंगीने एकदा नाकावर पंजा मारला तेव्हापासून तो तिला वाट देतो. टायगरला दोन महिन्यांहून जास्त लागले. आता ती चालत गेली तर तो बघतो आणि मान फिरवतो, पण ती धावली की अजून ताठ होतो. काही कुत्रे कायम असेच राहतात, हे मी ताईंना सुरुवातीलाच सांगितलं होतं.

परवा त्यांनी विचारलं, "आता तिघांना घरात सोडून बाहेर जाऊ का?" मी नाही म्हटलं. घरात कुणी नसताना चिंगीच्या खोलीचं दार बंदच राहील. ती पूर्ण वाढली, की टायगरचा नवा व्हिडिओ मागवून पुन्हा बघू.