जुने दुखणे, नवा मालक

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील गोदामात तुझ्या कमरेत भरलेली उसण आता वॉशिंग्टन राज्यात, दुसऱ्या मालकाकडे खोके उचलताना पुन्हा उमळली, आणि 'दुखणे जुनेच, आता कोण ऐकणार' असे समजून तू पंधरा दिवस गप्प राहिलास, हे वाचून जीव कळवळला. अमेरिकेत कामगार नुकसानभरपाईचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असला, तरी कामामुळे वाढलेले जुने दुखणे ही नव्या कामावरची इजा ठरू शकते, हे या दोन्ही राज्यांत मान्य आहे.

जुन्या दुखण्याने आपोआप उचल खाल्ली की नव्या कामाने त्यात भर घातली, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आपोआप असेल तर जुना दावा पुन्हा उघडावा लागतो. भर पडली असेल तर नवा दावा होतो. हा निवाडा बहुतेक वेळा डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीवरून होतो, म्हणून त्यांना जुनी इजा, मधल्या काळात कंबर कशी होती, आणि त्या दिवशी नेमके काय उचलले, हे सगळे खरेखरे सांग. नोकरी जाईल या भीतीने मी एकदा खांद्याची जुनी दुखापत लपवली होती. विमा कंपनीने ती शोधून काढली आणि त्यानंतर माझ्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही.

वॉशिंग्टनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा विमा खासगी कंपन्या विकत नाहीत. तो राज्याच्या श्रम व उद्योग विभागाकडे असतो, किंवा परवानगी असलेले मोठे मालक स्वतःच तो भार उचलतात. अपघाती इजेचा दावा एका वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो. तेथील न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानलेले एक तत्त्व तुझ्या कामाचे आहे: शरीरात निद्रिस्त असलेला, त्रास न देणारा दोष कामावरच्या इजेने जागा केला, तर त्यातून आलेल्या अपंगत्वातून त्या जुन्या दोषाचा वाटा वजा करता येत नाही. मात्र मधल्या काळातही कंबर दुखत असेल, तर हे तत्त्व जसेच्या तसे लागू होणार नाही.

कॅलिफोर्नियात 2004 च्या सुधारणेनंतर कायमच्या अपंगत्वाची कारणांनुसार वाटणी होते, म्हणजे इतर कारणांचा वाटा भरपाईतून वजा होतो. उपचारांच्या खर्चाची मात्र अशी वाटणी होत नाही. तेथे तू कोणत्या कागदावर सही केली होतीस, हे आधी शोध. पुढील उपचारांचा हक्क शाबूत ठेवणारा निवाडा असेल, तर ते उपचार अजूनही मागता येतात, आणि प्रकृती आणखी बिघडली असल्यास इजेच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत तो दावा पुन्हा उघडण्याचा अर्जही करता येतो. एकरकमी पैसे घेऊन सारे हक्क सोडले असतील, तर तो दरवाजा बहुधा बंद झाला आहे, आणि मग वॉशिंग्टनचा दावा अधिकच जपून मांडावा लागेल.

उद्या कामावर जाताच वरिष्ठांना लेखी कळव, प्रत स्वतःजवळ ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कॅलिफोर्नियाचे कागद सापडले की मला पाठव. फोनवर आपण ते ओळ न् ओळ वाचू आणि मग वकिलाला काय विचारायचे ते ठरवू.

तुझा,
एक थोरला सहकारी