आधी तीनच चित्रं बघा

स्कँडिनेव्हियातली खेड्यांची चित्रं बघायला लागलात, फार बरं वाटलं. पण लगेच चित्रकारांची यादी पाठ करू नका. आधी टिडेमन आणि गुडे या नॉर्वेजियन जोडीचं १८४८ चं चित्र बघा: हार्डांगरच्या खाडीतून नावेत बसून निघालेलं लग्नाचं वऱ्हाड. देखणं आहे, पण तो सणाचा दिवस.

मग डेन्मार्कच्या एल. ए. रिंग यांचं १८८५ चं ‘कापणी’ बघा. लांब दांड्याचा विळा चालवणारा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. रिंग स्वतः खेड्यातले, आडनावही गावाचंच घेतलेलं. चेहरा नंतर, आधी खांदे, पाठ, पाय कसे रोवलेत ते बघा. कामाचा भार तिथे दिसतो.

आणि डेन्मार्कच्याच चित्रकार ॲना आंकर सोडू नकाच! स्कागेन या कोळ्यांच्या गावातच जन्मलेल्या या बाईंनी १८८३ ते १८८६ मध्ये स्वयंपाकघरातली मोलकरीण रंगवली, तीही पाठमोरी. पिवळ्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन, लाल घागरा, बाकी काहीच घडत नाही. मी सर्वांत जास्त वेळ इथेच थांबते. कोपनहेगनला गेलात तर हिर्शस्प्रुंग संग्रहालयात ते प्रत्यक्ष बघा. छापील प्रतीत तो पिवळा उतरत नाही.