वाचकांचे प्रश्न : लेनर्ड कोहेन सत्तरीनंतर परत का गायला लागला?

प्रश्न : नमस्कार. मुलगी टोरांटोला असते, तिच्या नादाने मी कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन ऐकायला लागलो. ती म्हणते त्याने मधे पंधरा वर्षं गाणं सोडलं होतं आणि म्हातारपणी परत आला. माझा भाऊ म्हणतो पैसे बुडाले म्हणून आला, बाकी काही नाही. कोणाचं बरोबर? – एक वाचक, सांगली

उत्तर : काका, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. त्याने गाणं सोडलं नव्हतं, स्टेज सोडलं होतं. 1993 ची टूर संपली तेव्हा तो पार थकलेला होता, दारू खूप वाढली होती, आणि 1994 मधे तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी डोंगरावरच्या झेन, म्हणजे जपानी बौद्ध पंथाच्या, मठात जाऊन राहिला. तिथे पहाटे उठायचं, तासन्‌तास ध्यानाला बसायचं, तिथले म्हातारे गुरू सासाकी रोशी यांच्यासाठी स्वयंपाक करायचा. 1996 मधे रीतसर भिक्षू झाला. 1999 मधे डोंगर उतरून खाली आला, मग 2001 आणि 2004 मधे नवे अल्बमही काढले, पण लोकांसमोर उभं राहणं नाही ते नाहीच.

आता पैशाचं. 2004 च्या सुमारास त्याला कळलं की म्हातारपणासाठी साठवलेली बहुतेक रक्कम त्याच्या मॅनेजरने काढून घेतलेली आहे. 2006 मधे कोर्टाने जवळपास 90 लाख डॉलर द्यायचा निकाल त्याच्या बाजूने दिला पण ते हातात पडायची काही चिन्हं नव्हती. म्हणजे भाऊ म्हणतो ते कारण खरंच आहे आणि कोहेननेही ते कधी लपवलं नाही.

पण मला विचाराल तर पैशाने तो घराबाहेर कसा पडला एवढंच कळतं, पुढे जे झालं ते नाही कळत. नुसते पैसेच हवे असते तर जुनी चार गाणी तासाभरात उरकूनही ते मिळाले असते. याने 73 व्या वर्षी बँड जमवून सुमारे तीन महिने तालमी केल्या, एकेक गाणं परत बसवलं, आणि 11 मे 2008 ला कॅनडातल्या फ्रेडरिक्टन नावाच्या छोट्या गावी छोट्याशा थिएटरात सुरुवात केली, कारण स्वतःला जमतंय का हे आधी बघायचं होतं. मग जी टूर चालली ती 2010 च्या डिसेंबरपर्यंत, आणि परत 2012-13 मधे, रोज जवळजवळ तीन-तीन तास, आणि सोबतचा वादक सोलो वाजवत असेल तर हा हॅट काढून छातीशी धरून उभा. सप्टेंबर 2009 मधे स्पेनमधे व्हॅलेन्सियाला स्टेजवरच चक्कर येऊन पडला आणि तीनच दिवसांनी, 75 व्या वाढदिवशी, बार्सिलोनात पूर्ण कार्यक्रम केला. गेलेले पैसे तोवर टूरच्या कमाईतून भरून निघालेले होते हो. तरी तो थांबला नाही.

प्रश्न : कोहेन मुंबईत येऊन राहिला होता असं ऐकलंय, खरं की अफवा? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : अगदी खरं, आणि तुमच्याच बाजूला. मठातून उतरला त्याच वर्षी, 1999 मधे, तो रमेश बालसेकरांकडे आला. बालसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियात अगदी वरच्या पदावरून रिटायर झालेले गृहस्थ, ब्रीच कँडीजवळ गमाडिया रोडला त्यांच्या घरी सकाळी सत्संग चालायचा. त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज, खेतवाडीतले, पूर्वी विड्यांचं दुकान चालवणारे. महाराज बोलायचे मराठीत आणि परदेशी लोकांसाठी त्याचं इंग्रजी करून सांगणाऱ्यांत बालसेकर होते. म्हणजे खेतवाडीतल्या माडीवर मराठीत निघालेला विचार बालसेकरांच्या पुस्तकातून मठात बसलेल्या कोहेनपर्यंत पोचला आणि त्याला मुंबईला घेऊन आला, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि आपल्याकडे ती कोणी नीट सांगत नाही याचं वाईट वाटतं. केम्प्स कॉर्नरला साध्या हॉटेलात तो काही महिने राहिला, नंतरही येत राहिला. आयुष्यभराचं डिप्रेशन याच काळात हळूहळू ओसरलं असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं, नक्की कशामुळे ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही. धर्म त्याने बदलला नाही, ज्यू होता आणि शेवटपर्यंत ज्यूच राहिला. माझं मत असं की 2008 चा जो शांत, हसरा कोहेन आपण व्हिडिओत बघतो तो या पाच-सात वर्षांत घडलाय, 1993 चा माणूस ती टूर करूच शकला नसता.

प्रश्न : मी पूर्वी स्वतः लिहून चाली लावून गायचे, आता साठीला आवाज खाली गेलाय, वरचा सा लागत नाही. कोहेनने काय केलं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, त्याचा आवाज तर तरुणपणीही सिनेमात गाणाऱ्यांसारखा नव्हता. मुळात तो कवी, पहिला संग्रह 1956 चा, दोन कादंबऱ्याही लिहिल्या, आणि गाण्याची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा वय 33. म्हातारपणी आवाज आणखी खोल गेला तर त्याने पट्टी खाली घेतली, माईकच्या अगदी जवळ जाऊन शब्द जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले, वरच्या जागा कोरसमधल्या बायकांकडे दिल्या आणि बँडला हळू वाजवायला लावलं. तुम्हीही पट्टी उतरवून बघा, दोन-तीन सूर खाली, आणि तालमीला वेळ द्या.

लिहिण्यातही घाई नव्हती. ‘हालेलूया’वर कित्येक वर्षं घालवली, ते ज्या अल्बमात होतं तो 1984 चा अल्बम अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीने काढायलाच नकार दिला, आणि आज तेच गाणं जगभर गातात. हयातीतला शेवटचा अल्बम पाठदुखीमुळे घरीच खुर्चीत बसून रेकॉर्ड केला, मुलगा अ‍ॅडमने मदत केली. तो ऑक्टोबर 2016 मधे आला आणि 7 नोव्हेंबरला, 82 व्या वर्षी, कोहेन गेला.

ऐकायचं असेल तर लंडनच्या 2008 च्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आधी ऐका, जुने स्टुडिओ अल्बम नंतर. तुमच्या कामाचं सगळं त्यात आहे.