आधी फोनचा रेकॉर्डर चालू कर, टीव्हीचं नंतर बघू

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण चष्मा सापडेना म्हणून आत्ता सकाळी लिहितेय. मुख्याध्यापकाचा चार्ज घेऊन दोन महिने नाही झाले, डायटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेला, कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गातली अडचण आपणच तपासून उपाय करून बघायचा, त्या अभ्यासाचा) प्रस्ताव द्यायचाय, ग्रामपंचायत स्मार्ट टीव्ही द्यायला तयार आहे, आणि तू दोन्हीची सांगड घालून शीर्षक पण ठरवून मोकळा झालास, "इयत्ता तिसरीच्या वाचनावर स्मार्ट टीव्हीच्या वापराचा होणारा परिणाम". अरे शीर्षक वाचूनच मला निष्कर्ष कळला. पूर्वचाचणीत गुण कमी, उत्तरचाचणीत जास्त, टीव्ही उपयुक्त, शिफारस अशी की सगळ्या शाळांना टीव्ही द्यावा. असे अहवाल मी गठ्ठ्याने वाचलेत, आणि डी.एड.ला असताना मी पण असाच एक पाडला होता, खोटं कशाला बोलू.

मला एक सांग, तुझी तिसरीची पोरं वाचताना नेमकी अडतात कुठं? अक्षरच ओळखत नाहीत, का जोडाक्षराला थांबतात, का सगळं घडाघडा वाचतात पण काय वाचलं ते सांगता येत नाही, का घरची बोलीच वेगळी आहे आणि पुस्तकातला शब्द कधी कानावरच पडलेला नाही? चारही गोष्टींना आपण "वाचन कच्चं" असंच म्हणतो आणि चौघांना एकच गोळी देतो.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने १९४६ च्या लेखात कृतिसंशोधन मांडलं ते शाळेसाठी नव्हतंच, अल्पसंख्याकांचे प्रश्न होते त्यात, शाळेच्या कामात ते रुजवायचं पुढे शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीने मनावर घेतलं, १९५३ मध्ये त्याचं त्यावर पुस्तक आलं. बी.एड.च्या गाईडमध्ये एवढं असतंच. पण कोरीचा मुद्दा आपण परीक्षेपुरता पाठ करून सोडून देतो, की ज्याच्या वर्गात अडचण आहे त्यानेच ती तपासायची, आणि तपासताना स्वतःला पण त्यात धरायचं. हे शेवटचं जड जातं.

माझंच सांगते. मागच्या शाळेत मुख्याध्यापिका असताना तिसरी पण माझ्याकडेच होती, एकोणीस पोरं, त्यातली सात अडलेली. साधा फोन घेतला, प्रत्येकाला एकेक मिनिट तोच परिच्छेद वाचायला लावला, रेकॉर्ड केलं, फाईलला नाव न देता हजेरी क्रमांक आणि तारीख टाकली. रात्री जेवण झाल्यावर ऐकत बसले तर काय, पोरांपेक्षा माझाच आवाज जास्त! पोरगं "पा... पाव..." म्हणतंय तोवर मी "पावसाळा" म्हणून मोकळी. मदत करतेय असंच वाटायचं मला इतकी वर्षं. एका पोरीने तर मधे वाचायचंच थांबवलेलं, नुसती माझ्या तोंडाकडे बघत असणार, कारण पुढचे चार शब्द मीच वाचलेत आणि ती माझ्यामागून म्हणतेय. लाज वाटली खरंच.

मग उपाय काय केला, तर अडलं की मनात पाच आकडे मोजायचे, तोवर तोंड बंद. बस, एवढंच. दर शनिवारी पुन्हा रेकॉर्डिंग, शीटमध्ये तीन रकाने, किती शब्द वाचले, कुठं अडलं, मी किती वेळा सांगितलं. सहा आठवड्यांनी सातातली चार पोरं आपली आपण शब्द फोडायला लागली. उरलेल्या तिघांना काही फरक नाही, त्यांना अक्षरांपासूनच घ्यायला लागलं, आणि ते मी अहवालात तसंच लिहिलं. तू पण लिही, जमलं नाही ते लिहायला घाबरू नकोस.

आता तू मुख्याध्यापक आहेस म्हणून वेगळं सांगते. शिक्षकांच्या वर्गात फोन घेऊन आधी जाऊ नकोस, त्यांना वाटणार साहेब पुरावे गोळा करतायत, आणि एकदा तसं वाटलं की वर्षभर तुला फक्त चांगलं चांगलंच ऐकायला मिळेल. पहिलं रेकॉर्डिंग तुझ्या स्वतःच्या तासाचं कर, दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकव, हसू दे त्यांना. तुझी चूक ऐकली की ते आपणहून त्यांची सांगायला लागतील. शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत मात्र कुणाच्या वर्गाचे आकडे नावानिशी मांडू नकोस, अगदी कौतुकाचे असले तरी.

पालकांना आधी विचार, आणि पोरांचे आवाज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत, कुणी वरून मागितले तरी. रेंज नसेल तर शीट वहीतच आख, आधीच सरल, यूडायस ही सरकारी पोर्टलं आणि पोषण आहाराची माहिती भरून तुमची बोटं झिजलीत, त्यात अजून एक ॲप नको. पंचवीसेक पोरांच्या आकड्यांवर टी-चाचणीचा (सरासरीतला फरक खरा का योगायोग ते बघायच्या गणिताचा) घोळ पण घालू नकोस, प्रत्येक पोराची ओळ आडवी वाचली तरी दिसतं सगळं.

टीव्ही नाकारू नकोस, येतोय तर येऊ दे, फक्त त्याआधी वायरिंग आणि अर्थिंग बघून घे, पावसाळ्यात व्होल्टेजचा भरवसा नसतो. दोन-तीन आठवड्यांच्या रेकॉर्डिंगवरून जर दिसलं की पोरांच्या कानावर शब्दच पडत नाहीत, तर टीव्हीवर गोष्टी ऐकवून बघायला अर्थ आहे, तेव्हा तुझं शीर्षक पण आपोआप बदललेलं असेल.

प्रस्तावाची तारीख कधी आहे ते कळव. रविवारी बाजाराला येशील तेव्हा घरी ये, पहिल्या पाच पोरांच्या फाईली घेऊन ये, आणि हो, इअरफोन आण, माझ्या फोनचा स्पीकर गेलाय.

तुझी
बाई