इतिवृत्त 'कायम' करायचं की 'मंजूर'?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' असा छापलाय, तर कायम म्हणजे पर्मनंट ना, मग इथे 'मंजूर करणे' नको का? आणि दुसरं, हे इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, आपली मिनिट्स, सर्क्युलेट करण्याला 'वितरित करणे' म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्या ताई नुकत्याच सेक्रेटरी झाल्यात आणि नोटिशीची भाषा सुधारायच्या बेतात आहेत, म्हणून आधीच सांगतो, पहिल्या विषयाला हात लावू नका. तो बरोबर आहे.

'कायम'चा अर्थ 'नेहमीसाठी' एवढाच आपल्या डोक्यात बसलाय, 'हा कायम उशिरा येतो' वगैरे. पण दुसरा अर्थही आपण रोज वापरतो, फक्त लक्षात येत नाही. पोरगा प्रोबेशनवर लागतो आणि मग एक दिवस पेढे येतात, का, तर 'कायम झाला'. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा हायकोर्टाने 'कायम ठेवली' असं पेपरात येतं. दोन्हीकडे गोष्ट आधीच झालेली आहे, नोकरी लागलेली आहे, शिक्षा सुनावलेली आहे, नंतर कोणीतरी अधिकाराने बघून म्हणतं की हो, हे पक्कं. इंग्रजीत कन्फर्म म्हणतात ते हेच. शब्द मूळ अरबी, अर्थ 'उभा असलेला', आपला 'मुक्काम' त्याच धातूतला. (गंमत म्हणजे 'कायदा' ज्या अरबी धातूतून येतो त्याचा अर्थ 'बसणे'. कायदा बसलेला आणि कायम उभा, असो.)

आता 'मंजूर'. हाही अरबीच, 'नजर'च्या घरचा. मूळ अर्थ 'पाहिलेलं', म्हणजे साहेबांच्या नजरेखालून गेलेलं, आणि साहेबांनी पाहून परत पाठवलं नाही म्हणजे मान्य. आज आपण मंजूर काय काय करतो बघा, रजा, कर्ज, बजेट, ठराव. या सगळ्यात 'नाही' म्हणायची सोय असते. रजा नामंजूर होते, ठराव फेटाळला जातो. इतिवृत्ताचं तसं नाही. त्यात जे लिहिलंय ते मागच्या सभेत होऊन गेलंय, ते तुम्हाला आवडलं का हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की जसं झालं तसंच लिहिलंय का.

हा फरक मी पुस्तकात वाचून नाही, चारचौघांत तोंडावर पडून शिकलो. आमच्या सोसायटीत एका वर्षी नोटीस माझ्याकडे टाइप करायला होती आणि मी शहाणपणा करून 'इतिवृत्त वाचून मंजूर करणे' असं लिहिलं. झालं. सभा सुरू होतेय तोच दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले, 'मला हे इतिवृत्त मंजूर नाही.' का, तर आदल्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम ज्याला दिलं तो त्यांना पसंत नव्हता. आता त्यांना सांगायचं काय? काका, ठराव तेव्हाच मंजूर झालाय, कामही होऊन गेलंय, ही फक्त त्याची नोंद आहे. पण काका म्हणाले, नोटिशीत मंजूर करणे लिहिलंय, मग मी नामंजूर करणार. भाषेच्या बाजूने बघितलं तर काका शंभर टक्के बरोबर होते! अर्धा तास त्यात गेला आणि चहा गार झाला तो वेगळाच.

त्याच सभेत एक काकू मात्र मुद्द्याचं बोलल्या. म्हणाल्या, मी त्या ठरावाला हात वर करून विरोध केला होता आणि इथे 'सर्वानुमते मंजूर' लिहिलंय. ही खरी हरकत, कारण ती नोंदीवर आहे, निर्णयावर नाही. मग तिथे 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' केलं, बाजूला अध्यक्षांनी सही ठोकली आणि पुढे लिहिलं 'वरील दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले'. आपल्याकडे हात सवयीने 'सर्वानुमते' लिहितो हा माझा जुना राग आहे. माझ्या लेखी सगळ्यांनी होकार दिला तर एकमताने, कोणी बोललं नाही पण विरोधही केला नाही तर सर्वानुमते, आणि एकानेही विरोध नोंदवला की बहुमताने.

'इतिवृत्त' शब्दाबद्दल थोडं. इति म्हणजे असं, वृत्त म्हणजे घडलेलं. इतिहासाचा सख्खा भाऊच, तोही इति-ह-आस, 'असं झालं होतं'. नाट्यशास्त्रात इतिवृत्त म्हणजे नाटकाचं कथानक, त्याला नाटकाचं शरीर म्हटलंय, आणि काही सोसायट्यांची मिनिट्स वाचली की हा जुना अर्थ अजून गेलेला नाही असं वाटतं. कार्यवृत्त, सभावृत्तांत हेही चालतात. 'अहवाल' मात्र लिहू नका. तो 'हाल'चं अरबी अनेकवचन, म्हणजे वर्षभराचे हालहवाल, तो समितीचा असतो आणि विषयपत्रिकेत त्याचा नंबर वेगळा असतो. आणि 'इतिवृत्त'च्या शेवटी जोडाक्षर 'त्त' आहे, 'इतिवृत' नाही. बोलताना 'मिनिट्स काढली का' म्हणा की खुशाल, मीही म्हणतो. त्या मिनिट्सचा घड्याळाशी संबंध एवढाच की दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला 'बारीक' हा शब्द आहे, तासाचा बारीक भाग तो मिनिट आणि बारीक अक्षरातलं टिपण ती मिनिट्स.

आता वाटपाचं. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बाय-लॉज, म्हणजे नमुना नियमावली) सर्वसाधारण सभेनंतर ३ महिन्यांच्या आत समितीने इतिवृत्ताचा मसुदा ठरवायचा, मग १५ दिवसांत तो सगळ्या सभासदांना पाठवायचा, सभासदांनी १५ दिवसांत काही म्हणणं असेल तर सेक्रेटरीला कळवायचं आणि ते बघून समितीने इतिवृत्त पक्कं करून वहीत लिहायचं. 'मसुदा' हा फार सुंदर शब्द आहे, मूळ अर्थ 'काळं केलेलं'. कागद काळा करणे आपण म्हणतो ना, तेच. म्हणजे आधी कागद काळा करा, मग तो सगळ्यांच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि मग उभा राहिला तर कायम.

या पाठवण्याला 'वितरित करणे' चुकीचं नाही, पण मला ते रेशनच्या धान्यासारखं वाटतं. सरकारी कागदात 'प्रसृत करणे' असतं, ते वाचून निम्म्या सभासदांना काही कळणार नाही. पूर्वी वॉचमन वही घेऊन दारोदार सह्या घ्यायचा त्याला आम्ही 'नोटीस फिरवणे' म्हणायचो आणि अजूनही तोंडात तेच बसलंय, पण इतिवृत्ताच्या बाबतीत जपून, कारण 'शब्द फिरवला'मधलं फिरवणंही तेच! सेक्रेटरीने इतिवृत्त फिरवलं म्हटलं की काका परत उभे राहायचे. त्यापेक्षा सरळ 'मसुद्याच्या प्रती सर्व सभासदांना पाठवल्या आहेत, हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावी' असं लिहा. ग्रुपवर पीडीएफ टाकणार असाल तर 'पाठवल्या' तिथेही चालतं.

राहिलं ते 'वाचून'. हल्ली कोणी वाचत नाही, कोणीतरी मागून 'वाचलं असं समजा' ओरडतं आणि सगळे हसून पुढच्या विषयाकडे जातात. तरी नोटिशीत 'वाचून' ठेवाच, एखादा म्हणालाच की वाचा, तर वाचावं लागतं.