सगळ्यात पॉवरफुल ड्रिल घेऊन टाकू का?

प्रश्न: घरातली बारीकसारीक कामं स्वतः करायची हौस लागलीय. पडद्याचे रॉड, एखादं शेल्फ, फ्रेमा, कपाटाच्या ढिल्या बिजागऱ्या, एवढंच. आतापर्यंत शेजाऱ्यांचं वायरवालं ड्रिल मागून आणायचो, आता मागायची लाज वाटते. छोटं कॉर्डलेस कॉम्बी (भोक, स्क्रू आणि हॅमर, तिन्ही करणारं ड्रिल) घ्यायचं ठरवलंय, पण एकावर १२ व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्यावर १८, तिसऱ्यावर २०, वर ब्रशलेस आणि न्यूटन मीटर, डोकं गरगरायला लागलंय. सरळ सगळ्यात पॉवरफुल घेऊन टाकू का?

उत्तर: नका घेऊ. निदान लगेच तरी नका.

आधी त्या २० चं बघू, कारण त्यातच बरेच जण फसतात. लिथियम बॅटरीचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, असे पाच जोडले की १८. तेच पाच सेल नुकते फुल चार्ज झालेले असताना मोजले तर २० किंवा थोडे वरच भरतात, म्हणून काही जण २० छापतात. मशीन त्याच वर्गातलं. १२ आणि १०.८ चंही तसंच, तिथे सेल तीन. म्हणजे निवड फक्त दोनातच आहे, तीन सेल की पाच सेल.

आणि तुम्ही जी यादी दिलीय ती बघून माझं मत तीनवाल्याकडे झुकतं. पडद्याचा रॉड लावायचा म्हणजे स्टुलावर उभं राहून हात डोक्याच्या वर, त्यात दुसऱ्या हातात स्क्रू, अशा वेळी बॅटरीसकट किलो-सव्वाकिलोचं मशीन आणि पावणेदोन किलोचं मशीन यातला फरक पाचव्या भोकाला बरोब्बर कळतो, हात थरथरला की भोक तिरकं गेलंच म्हणून समजा. बॉक्सवरचं वजन कधीकधी बॅटरीशिवाय दिलेलं असतं तेही बघून घ्या. आणि लांबी! चकच्या (बिट धरणाऱ्या पुढच्या जबड्याच्या) टोकापासून मागपर्यंत मशीन जेवढं आखूड तेवढं कपाटाच्या आत घुसतं, बिजागरीच्या स्क्रूला हेच जास्त उपयोगी पडतं.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही: भिंत कसली आहे? वीट आणि प्लास्टर असेल तर छोट्या कॉम्बीने ५-६ मिलीमीटरची भोकं आरामात पडतात. काँक्रीट असेल तर मात्र १८ वालं आणलंत तरी फार खूश होणार नाही, कारण कॉम्बीचा हॅमर म्हणजे आत दातेरी दोन चकत्या असतात, त्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिट खडखड पुढेमागे होतं. मिनिटाला ठोके वीस-पंचवीस हजार पडतात पण एकेक ठोका अगदी चिमुकला, आणि तोही तुम्ही मागून दाबाल तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा पिस्टन बिटाच्या बुडावर खराखुरा घाव घालतो, ते प्रकरणच वेगळं. मी एकदा खिडकीवरच्या बीममध्ये कॉम्बीने भोक पाडायचा हट्ट धरला होता, अंगाचा सगळा भार टाकून दहा मिनिटं दाबत बसलो, बिटाचं टोक निळं पडलं आणि भोक झालं नखाएवढं. दोन-चार भोकं काँक्रीटमध्ये हवी असतील तर तेवढ्यापुरतं शेजाऱ्यांकडे जाच, लाज गिळून. रोजच लागणार असेल तर वेगळं एसडीएस चकचं मशीन, म्हणजे तो रोटरी हॅमरच, घ्या, कॉम्बीकडून ती अपेक्षा नको.

न्यूटन मीटर म्हणजे पिळायची ताकद. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापतात तो बहुतेक हार्ड टॉर्कचा आकडा, म्हणजे स्क्रू एकदम घट्ट अडतो त्या क्षणीचा झटका. लाकडात स्क्रू हळूहळू रुतत जातो तिथे सॉफ्ट टॉर्क लागू, आणि तो बराच कमी असतो. १२ च्या वर्गात हार्ड ३० च्या आसपास मिळाला तरी तुमच्या कामाला पुष्कळ झाला. त्यापेक्षा क्लच नीट आहे का बघा. चकच्या मागची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच, ठरावीक जोर लागला की कटकट करून सुटतो आणि स्क्रूचं डोकं झिजायचं वाचतं. कमी आकड्यावर सुरू करायचं, स्क्रू पूर्ण बसत नसेल तर एकेक घर वाढवत जायचं. बहुतेक लोक ती रिंग जन्मभर ड्रिलच्या चित्रावर ठेवतात, मग क्लच लागतच नाही आणि म्हणतात मशीन वाईट. वरचं गिअरचं बटणही तसंच, स्क्रूला १, भोकाला २, आणि बदलायचं ते मशीन थांबल्यावर.

ब्रशलेस चांगलंच, कार्बन ब्रशची घासाघीस नाही, गरम कमी होतं, तेवढीच बॅटरी जास्त पुरते. पण महिन्यातून दोनदा मशीन हातात घेणार असाल तर त्यासाठी अडून बसू नका. बॅटरीबाबत मात्र अडून बसा. एक मोठी घेण्यापेक्षा २ अँपिअर अवरच्या दोन छोट्या घ्या, एक चार्ज होते तोवर दुसरी चालते आणि हातावर भारही कमी. बाकी व्होल्ट गुणिले अँपिअर अवर केलं की साठा कळतो, १२ वाल्याची (हिशोबाला १०.८ धरायचे) ४ ची बॅटरी सुमारे ४३ वॉट अवर, १८ वाल्याची २ ची ३६, म्हणजे मोठ्या व्होल्टमध्ये जास्त साठा असतोच असं नाही. आणि एकदा एका कंपनीची बॅटरी घेतलीत की पुढची मशीनंही त्याच कुळातली घ्यावीशी वाटणार, तेव्हा पुढे गोल करवत, ग्राइंडर वगैरे मनात असेल तर आत्ताच १८ वर जा. माझं वरचं सगळं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे.

प्रश्न: बाथरूममध्ये हूक लावताना टाइलला तडा गेला. बिट नवीन होतं. काय चुकलं?

उत्तर: हॅमर चालू राहिला असणार. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, गिअर १, दाब अगदी हलका. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. साध्या टाइलला भाल्याच्या टोकासारखं कार्बाइडचं बिट चालतं, व्हिट्रिफाइड असेल तर डायमंड बिट आणि मधूनमधून पाणी, पण पाणी बिटाला, मशीनला नाही. टाइल संपून भिंत लागली की भिंतीचं बिट लावा आणि मग हॅमर. आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक नको हो, पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो.

प्रश्न: वर्षभर कपाटात पडलेलं कॉर्डलेस काढलं तर बॅटरी चार्जच होईना, चार्जरवर लाल लाइट नुसता लुकलुकतो.

उत्तर: बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली होती का? लिथियम सेल पडून पडून थोडे थोडे उतरतच राहतात, एका मर्यादेखाली गेले की चार्जर सुरक्षेसाठी चार्ज करायलाच नकार देतो. बॅटरी कडक गरम किंवा गार असली तरी तोच लाइट लागू शकतो, म्हणून खोलीत तासभर ठेवून परत एकदा लावून बघा. तरी नाही झालं तर नवीनच घ्यावी लागेल, दुसरी वायर जोडून जबरदस्तीने चार्ज करायचे व्हिडिओ दिसतात ते करू नका, आग लागते. नवीन आणलीत की वापर नसताना मशीनमधून काढून, अर्धी चार्ज करून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघत जा.